चौथी ओळ

आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाला ताप आला की डॉक्टरच्या आधी खैरनार आप्पा यायचे. त्यांना कुणी बोलावलेलं नसायचं. दारात उभे राहून विचारायचे, "किती?" आकडा सांगितला की पुढचा प्रश्न, "कशानं मोजला?" आपण थर्मामीटर पुढे केला की तो उजेडाकडे धरून, नखानं एक टिचकी मारून बघायचे आणि मग खिशातून स्वतःचा काढायचे. काचेचा, शून्यापासून शंभरपर्यंत खुणा असलेला, पितळी नळीत जपून ठेवलेला. दोघांचं एकमत झालं तर ताप मंजूर. नाही झालं तर रोग्यानं थांबायचं.

माझी बायको सुनंदा एकदा तापानं फणफणली होती. आप्पा दोन्ही थर्मामीटर शेजारी शेजारी धरून पाच मिनिटं बघत बसले, तेव्हा ती पांघरुणातून म्हणाली, "आप्पा, सही-शिक्का राहिलाय का अजून?"

आप्पा गंभीरपणे म्हणाले, "ताई, तुमचा अर्धा डिग्री जास्त दाखवतो. म्हणजे तुम्हाला वाटतं तेवढ्या तुम्ही आजारी नाही."

यावर सुनंदा तापातही उठून बसली. सासरी आल्यापासून हे वाक्य तिनं बऱ्याच जणांकडून ऐकलं होतं, पण पुराव्यासकट पहिल्यांदाच.

आप्पा आमच्या समोर राहायचे. नाशिकच्या इंदिरानगरातली तीन मजली, लिफ्ट नसलेली बिल्डिंग. दुसऱ्या मजल्यावर त्यांचं दार आणि आमचं दार समोरासमोर, मध्ये चपलांचे दोन ढीग. त्यांच्या दारासमोरचा ढीग नंतर ढीग राहिला नाही. त्यांच्या पत्नी कमलकाकू वारल्या, मुलगी मनीषा लग्न होऊन कॅनडाला गेली आणि तिथं फक्त एक जोडी उरली. काळ्या पट्ट्यांची, भिंतीला समांतर लावलेली.

सातपूरच्या एका कारखान्यात ते इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक होते. कारखान्यात जिथं काटा हलतो किंवा आकडा दिसतो तिथं जायचं आणि तो काटा खरं बोलतोय का ते तपासायचं, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. रिटायर झाल्यावर कारखाना सुटला, तपासणं काही सुटलं नाही. बीपी बघणाऱ्या डॉक्टरला त्यांनी हात पुढे करायच्या आधी विचारलं होतं, "या मशीनचं शेवटचं कॅलिब्रेशन कधी केलं?" थंडीत पेपरात निफाडचा पारा घसरल्याची बातमी आली की ते पेपर घडी घालून ठेवायचे. म्हणायचे, "पारा म्हणतात. तिथं पारा असतो का आता? आणि मोजलं कुणी, कुठं उभं राहून, ते लिहिलंय का?"

एकदा सोसायटीच्या मीटिंगमध्ये सोलरचं पाणी गरम येतं की कोमट, यावरून तळमजला आणि तिसरा मजला यांच्यात जुंपली. आप्पा उठले, खाली गेले, कोपऱ्यावरच्या रसवंतीतून बर्फाचा खडा घेऊन आले. पार्किंगमध्ये पातेल्यात बर्फ फोडला, त्यात पाणी घातलं आणि पितळी नळीतला थर्मामीटर बुडवून स्वस्थ उभे राहिले. "आप्पा, गरम पाण्याचं भांडण आहे," मी म्हणालो. मी सोसायटीचा सेक्रेटरी होतो. ते पद मला कुणीच घेईना म्हणून मिळालं होतं. आप्पा म्हणाले, "आधी शून्य. शून्य बरोबर नसेल तर वरचं सगळं गप्पा." तोवर दोन्ही मजल्यांची माणसं कंटाळून जेवायला निघून गेली. भांडण मिटलं. सोलरचं पाणी अजून कोमटच येतं.

कारखान्यातल्या गोष्टी ते फारशा सांगत नसत. एक मात्र त्यांनी मला दोनदा सांगितली, दोन्ही वेळा सारख्याच शब्दांत. एका भट्टीचं मीटर बारा डिग्री जास्त दाखवत होतं. माल तयार होता, गाडी दारात उभी होती, फक्त मीटर बरोबर असल्याच्या कागदावर यांची सही हवी होती. साहेब म्हणाला, कर. हे म्हणाले, बारा डिग्री लिहितो आणि सही करतो. साहेब म्हणाला, बारा लिहायचं नाही. मग यांनी सहीच केली नाही. "मग?" मी विचारलं. "मग दोन वर्षं स्टोअरमध्ये बसून नट-बोल्ट मोजले." एवढंच. सांगताना चेहऱ्यावर ना राग, ना शौर्य. मी असतो तर ही गोष्ट बारशापासून तेराव्यापर्यंत प्रत्येक पंगतीत सांगितली असती.

तर अशा माणसाच्या घरी कॉम्प्युटर आला. आला म्हणजे तो होताच. मनीषाच्या इंजिनिअरिंगच्या दिवसांतला, टेबलाखाली बसणारा, मोठ्या डब्याचा. ती एका सुट्टीत आली तेव्हा तो रखडत चालायचा, म्हणून तिनं त्यातलं जुनं सगळं पुसून लिनक्स नावाची हलकी सिस्टिम बसवून दिली. जाताना वडिलांना आवडेल अशी एक गोष्ट शिकवून गेली. काळी खिडकी उघडायची, 'सेन्सर्स' एवढा एकच शब्द इंग्रजीत टाइप करायचा, एंटर मारायचं. मशीन आपल्या पोटात कुठं किती गरम आहे ते ओळीनं सांगतं.

आप्पांना हे फारच पटलं. आपण होऊन आपला ताप सांगणारं यंत्र त्यांना पहिल्यांदाच भेटत होतं. रोज सकाळी अंघोळ झाली की ते एका बोटानं तो शब्द टाइप करत, पडद्यावर नखानं टिचकी मारत आणि निळ्या रजिस्टरमध्ये आकडे उतरवत. चार ओळी यायच्या. पहिल्या दोन प्रोसेसरच्या, अडतीस, एकोणचाळीस अशा. तिसरी मदरबोर्डची, चौतीस. आणि चौथी ओळ म्हणायची, एकशे सत्तावीस.

रोज एकशे सत्तावीस. सकाळी, दुपारी, मशीन नुकतं चालू केलेलं असो की चार तास चाललेलं असो. पाणी शंभरला उकळतं, आणि हा डबा टेबलाखाली शांतपणे घुर्र करत सत्तावीस डिग्री त्याच्या पुढे.

आता हे मनीषाला सांगणं भाग होतं. तिचा फोन रविवारी सकाळी साडेसातला यायचा. तिकडे तेव्हा शनिवारची रात्र, तिची दोन्ही मुलं झोपलेली असायची. आमच्या दोन्ही घरांच्या गॅलऱ्या चिकटून आहेत आणि आप्पा फोन स्पीकरवर टाकून बोलायचे, त्यामुळे हे फोन मी वर्षानुवर्षं ऐकत आलोय. ऐकत नव्हतो, ऐकू यायचे, असं मी सुनंदाला सांगतो. त्याआधीचा फोन कसा असायचा ते मला पाठ होतं.

"बाबा, बरे आहात ना?"

"बरा आहे. मुलं?"

"झोपली. गोळ्या घेता ना?"

"घेतो. थंडी?"

"आहे. जेवणाचा डबा येतो ना वेळेवर?"

"येतो."

"बरं."

"बरं."

चार मिनिटं. कधी कधी पाच, पण त्यात एक मिनिट दोघंही "हॅलो, हॅलो, येतोय का आवाज" म्हणण्यात जायचं.

एकशे सत्तावीस निघाल्यावर पहिल्याच रविवारी फोन चाळीस मिनिटं चालला. मी गॅलरीत दात घासत होतो, शेवटी ब्रश कोरडा पडला.

"बाबा, माझं काम बँकेच्या सॉफ्टवेअरचं आहे, हे हार्डवेअरचं मलाही शोधून बघावं लागेल. थांबा हं. मी एक कमांड सांगते, ती टाका. एस..."

"एस. झालं."

"यू."

"यू कुठंय? हां. सापडला."

ती कमांड प्रश्न विचारणारी निघाली. हा सेन्सर शोधू का, तो शोधू का, हो की नाही. आप्पा प्रत्येक प्रश्न मोठ्यानं वाचून दाखवायचे, मनीषा प्रत्येकाला "येस म्हणा" म्हणायची, आणि एकदा आप्पांनी विचारलं, "हा म्हणतो यात धोका असू शकतो. येस म्हणू?" तर पलीकडून ती इतकी मोकळी हसली की मला फ्रॉक आणि दोन वेण्यांतली मनीषा आठवली. जिन्यात सायकल घेऊन पडली होती आणि रडायच्या ऐवजी हसत होती, ती.

पुढचे रविवार असेच गेले. कधी एक ड्रायव्हर, म्हणजे सेन्सर वाचणारा प्रोग्राम, काढून दुसरा घालायचा. कधी मशीन सुरू होतानाच एक बटण दाबून धरून आतल्या पानावरचे आकडे बघायचे. कधी डबा उघडून ब्रशनं धूळ झाडायची. अशा वेळी मला बोलावणं यायचं, बॅटरी धरायला. मी टेबलाखाली शिरायचो, आप्पा फोन माझ्या पाठीवर ठेवायचे आणि बाप-लेक माझ्या पाठीवरून बोलायचे. मध्येच ती म्हणायची, "बाबा, आठवतं का, तुम्ही मला भट्टी दाखवायला नेलं होतं, काळ्या काचेतून?" आप्पा म्हणायचे, "तू म्हणाली होतीस, सूर्याला डब्यात ठेवलंय." मी टेबलाखाली अवघडून, मान मोडायच्या बेतात. पण बाहेर येतो असं म्हणवत नसे.

आठ महिने हे चाललं. चौथी ओळ जागची हलली नाही.

आता मी काय केलं ते सांगतो. मी एका कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क आहे आणि प्रिंटरमध्ये अडकलेला कागद मला ओढून काढता येतो, त्यामुळे ऑफिसात आणि घरात मला कॉम्प्युटरमधलं कळतं असा समज आहे. तो मी कधी खोडून काढला नाही. आठ महिने नुसती बॅटरी धरून माझा अभिमान दुखावला होता. म्हणून एक दिवस आमच्या कॉम्प्युटर लॅबच्या शेख मॅडमना चहा पाजून सगळी हकीकत सांगितली.

त्यांनी बिस्कीटसुद्धा संपवलं नाही. म्हणाल्या, "अहो जाधव, एकशे सत्तावीस ना? म्हणजे तिथं काहीच नाही. त्या चिपला सेन्सर जोडायला जागा असतात, कंपनी सगळ्या वापरत नाही. रिकाम्या जागेचं रीडिंग मागितलं की ती वाट्टेल तो आकडा देते. एक फाइल करा, दोन ओळी लिहा, या जागेकडे दुर्लक्ष कर म्हणून. संपलं." आणि त्या दोन ओळी त्यांनी माझ्या मस्टरच्या मागच्या कोऱ्या कागदावर लिहून दिल्या.

त्याच आठवड्यात आप्पा पुतण्याच्या साखरपुड्याला सटाण्याला गेले, दोन दिवसांसाठी. तुळशीला पाणी घालायला किल्ली माझ्याकडे दिली. जाताना म्हणाले, "मशीन बंद करून ठेवलंय." ही सूचना नव्हे, माहिती आहे, असं मी सोयीस्करपणे धरलं. तुळशीला पाणी घालून झाल्यावर टेबलाशी बसलो. पासवर्ड पडद्याच्या कडेला चिकटवलेलाच होता. विसरण्यापेक्षा चोर परवडला, असं आप्पांचं मत. त्या दोन ओळी लिहायला मला पाऊण तास लागला, दोनदा चुकलो, एकदा घाम फुटला. शेवटी 'सेन्सर्स' टाइप केलं, एंटर मारलं.

तीन ओळी आल्या. अडतीस, एकोणचाळीस, चौतीस.

मी घरी येऊन सुनंदाला म्हणालो, "आठ महिने कॅनडाला जमलं नाही ते मी केलं." शेख मॅडमचं नाव ओघात राहून गेलं.

रविवारी सकाळी सव्वासातला मी आप्पांकडे हजर. शाबासकी घ्यायला. ते आदल्या संध्याकाळी आले होते. त्यांनी मशीन लावलं, शब्द टाइप केला, टिचकी मारायला बोट पुढे केलं आणि ते बोट तसंच राहिलं. तीन ओळींकडे बराच वेळ बघत होते. मग माझ्याकडे वळले.

"तुम्ही?"

"मीच," मी म्हणालो. "आप्पा, तिथं सेन्सरच नव्हता. रिकामी जागा होती. उगाच आठ महिने..."

"झकास," आप्पा म्हणाले. रजिस्टर उघडलं, तीन आकडे लिहिले आणि खाली बारीक अक्षरात आणखी काहीतरी लिहिलं.

साडेसातला फोन आला.

"बाबा, आज किती?"

"तीनच ओळी आहेत. जाधवांनी दुरुस्त केलं."

"काय सांगता! काका आहेत तिथे? काका, थँक्यू हो! कमाल केलीत. सुटलो बाई एकदाचे!"

मी "त्यात काय एवढं" म्हणालो. हे वाक्य मी दोन दिवस घोकलं होतं.

"मग बाबा, बाकी? बरे आहात ना?"

"बरा आहे. मुलं?"

"झोपली. गोळ्या घेता ना?"

"घेतो."

"बरं."

"बरं."

फोन ठेवून आप्पा चहा टाकायला आत गेले. मी एकटाच बाहेर. माझ्या पराक्रमाबद्दल काय लिहिलंय ते बघावं म्हणून रजिस्टर पुढे ओढलं. 'चौथी ओळ काढली. उरलेली नोंद बरोबर.' खाली सही. छान वाटलं. मग उगाच मागची पानं चाळत गेलो. पान पान आकडे, चौथ्या रकान्यात एकशे सत्तावीस, एकशे सत्तावीस. अगदी सुरुवातीला, पहिला लांब फोन झाला त्याच आठवड्यात, एका पानावर आकड्यांखाली चार ओळी होत्या, कारखान्यातल्या दाखल्यासारख्या, अक्षर कोरीव:

'डबा उघडून जागा पाहिली. पिना रिकाम्या. सेन्सर बसवलेलाच नाही. आकड्याला अर्थ नाही.' आणि सही.

आप्पा दोन कप घेऊन बाहेर आले. मी रजिस्टर मिटलं नाही. मिटायला हवं होतं.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणालो.

ते खुर्चीत बसले. टेबलाखालच्या डब्याकडे बघत आपल्याशीच बोलल्यासारखं पुटपुटले, "आठे काहीच नही शे." ते सटाण्याकडचे, एरवी आमच्याशी नाशिकचं मराठी, पण एकटे असले की अहिराणी. मग मला सांगितल्यासारखं, "काहीच नाहीये तिथं. पहिल्याच आठवड्यात बघितलं."

"मग मनीषाला का नाही सांगितलं?"

"तिनं ते विचारलंच नाही. ती विचारायची, आज किती? मी जे दिसायचं ते सांगायचो. खोटं रीडिंग एकदाही दिलं नाही."

त्यांनी चहा, कधी नव्हे तो, किती गरम आहे ते न मोजताच प्यायला सुरुवात केली.

"बोलायला काहीतरी लागतं हो, जाधव," आप्पा म्हणाले. "माझ्या सगळ्या गोष्टी तिला पाठ आहेत. तिच्या मला कळत नाहीत, बँकेचं, तिकडच्या शाळेचं, टॅक्सचं. ती सांगते, मी हं हं म्हणतो. हा एकच विषय असा सापडला होता की दोघांनाही सारखाच कळायचा."

आयुष्यात मी बऱ्याच चुका केल्यात, पण त्या करताना निदान मला त्या चुका वाटत तरी होत्या. मी कप खाली ठेवला आणि म्हणालो, "आप्पा, दोन ओळी आहेत. आत्ता पुसतो. पुढच्या रविवारी परत एकशे सत्तावीस."

"नाही."

"अहो, कुणाला कळणार आहे?"

"मी सही केली आता." त्यांनी रजिस्टर मिटलं. "दिसत होतं ते सांगत राहणं वेगळं. बरोबर झालेलं मुद्दाम चुकीचं दाखवायला लावणं वेगळं. फरक आहे. फार नाही. पण आहे."

त्या फरकाबद्दल मी नंतर पुष्कळ विचार केलाय. बारा डिग्रीपायी दोन वर्षं नट-बोल्ट मोजणाऱ्या माणसालाच तो दिसत असावा. आणि त्याच फरकापायी ते आता दर रविवारी चार मिनिटांवर आले होते.

घरी आल्यावर सुनंदाला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "तुम्हाला कुणी सांगितलं होतं शहाणपणा करायला?" कुणी सांगितलं नव्हतं, हेच तर माझं म्हणणं होतं. दुसऱ्या दिवशी तिनं आप्पांना बोलावून आमचा फ्रीज गार होत नाही अशी तक्रार केली. आप्पा आनंदानं आले, थर्मामीटर ठेवून तासभर बसले, दोनदा चहा झाला. मग म्हणाले, "चार डिग्री. ताई, फ्रीज उत्तम आहे," आणि दारातून वळून, "तक्रार खोटी होती. पण चहा चांगला होता."

उन्हाळा आला. एका सोमवारी आप्पांनी आमची बेल वाजवली ती सोडलीच नाही. दार उघडलं तर माणूस विशीतला दिसत होता.

"जाधव! झालं! गरम झालं!"

"काय?"

"मशीन! खरंखुरं! पहिली ओळ अठ्ठ्याऐंशी! हात लावून बघितला, चटका बसला. आतला पंखा बंद पडलाय!"

आपल्या वस्तूचा बिघाड सांगताना एवढा आनंदलेला माणूस मी पाहिला नाही. त्यांनी मशीन लगेच बंद केलं होतं, नुकसान नको म्हणून. पंखा तेवढा बदलायचा होता, अर्ध्या तासाचं काम. दुपारीच बसनं जाऊन नवा घेऊनही आले, आणि जिन्यात भेटलेल्या प्रत्येकाला सांगितलं, "मुलगी कॅनडाला, पंखा कॅनडा कॉर्नरला." हा आमच्या नाशिकातलाच एक चौक. पण बसवला नाही. खोक्यातून बाहेरही काढला नाही. टेबलावर ठेवला आणि रविवारची वाट बघत बसले.

सहा दिवस. त्या सहा दिवसांत त्यांनी एका कागदावर मनीषाला काय काय सांगायचं त्याची यादी केली. कधी लक्षात आलं, आवाज कसा बदलला, आधी कुठली शंका आली, ती कशी चुकीची ठरली. रविवारी सकाळी मी बॅटरी घेऊन गेलो तेव्हा दाढी झालेली, इस्त्रीचा शर्ट, स्क्रू ड्रायव्हर हातात. फोन यायच्या दोन मिनिटं आधी त्यांनी मशीन लावलं.

"बाबा, बरे आहात ना?"

"मनी, ऐक. पहिली ओळ. शहाऐंशी. आता सत्त्याऐंशी. चढतंय. तर झालं काय, सोमवारी सकाळी मी..."

"अगं बाई! बाबा, बंद करा आधी ते! पेटलं-बिटलं म्हणजे? बंद केलं?"

"केलं. पंखा आहे. मी आणलाय नवीन. आता आपण..."

"तुम्ही हात लावू नका हं त्याला. शॉक लागेल. एकटे असता तुम्ही, माझा जीव इथं टांगणीला. जाधवकाका आहेत का तिथं? काका?"

"आहे," मी म्हणालो.

"काका, प्लीज तुम्ही बघाल? मागच्या वेळी तुम्हीच तर केलंत, पाच मिनिटांत. बाबांना नका करू देऊ. मी आज जरा दमलेय हो, धाकट्याला बरं नाहीये, दोन रात्री जागीच आहे. बाबा, काका करतील हं. गोळ्या घेताय ना?"

"घेतो," आप्पा म्हणाले. "त्याला ताप आहे का?"

"आहे थोडा."

"किती?"

"बघितला नाही आत्ता. बरं, ठेवते. काळजी घ्या."

मी मोजली नव्हती, पण तीन मिनिटं झाली असतील. ती यादी टेबलावर होती, घडी न उलगडलेली. आप्पांनी स्क्रू ड्रायव्हर माझ्यापुढे धरला.

"घ्या. ऑर्डर तुमच्या नावानं निघालीय."

मी टेबलाखाली शिरलो आणि पहिलाच स्क्रू उलट्या दिशेनं पिळला. वरून आवाज आला, "दुसरीकडे." तसाही तो माझ्यानं निघाला नाही. शेवटी मीच बाहेर आलो, ते आत गेले आणि मी बॅटरी धरली. पंखा बसला. त्यांनी मशीन लावलं, अर्धा तास चालू दिलं, एकेचाळीस लिहिलं, सही केली. त्या अर्ध्या तासात त्यांनी ती सगळी यादी मला सांगितली, क्रमानं, आवाज कसा बदलला इथपासून. मला त्यातलं निम्मं कळलं. मी हं हं म्हणत होतो.

दिवाळीत मनीषा आली आणि पंधरा दिवसांत त्यांना घेऊन गेली. वाईट मुलगी नव्हे ती. जिन्यात मला म्हणाली, "काका, अवेळी फोन वाजला की छातीत धस्स होतं. किती दिवस असं काढायचं?" तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. मग सामानाची आवराआवर करताना तो डबा भंगारवाल्याला देता देता हसली, "या डब्यापायी आठ महिने आमचे रविवार गेले. आकडा काय तर एकशे सत्तावीस!" मी सांगणार होतो. तोंड उघडलंही. आप्पा तिच्या मागे उभे होते, हातात फुलझाडांच्या दोन कुंड्या, आम्हाला द्यायला आणलेल्या. त्यांनी मान हलवली, अगदी थोडी. मी कुंड्या घेतल्या.

आता त्यांचा फोन येतो. आपल्याकडे रविवारची संध्याकाळ असते, तिकडे सकाळ. व्हिडिओ असतो, म्हणजे मला त्यांचं कपाळ दिसतं.

परवाचा फोन. मी विचारलं, "काय म्हणतंय कॅनडा?"

"चांगलं आहे. बाहेर उणे चौदा. आत बावीस. भिंतीवर डबी आहे, ती सांगते."

"तपासलीत?"

"तपासली. बावीसच आहे." कपाळ जरा खाली झुकलं. "इथं सगळं बरोबर चालतं हो, जाधव."

"मनीषा?"

"पोरांना पोहायला घेऊन गेलीय. शनिवारी नाटक असतं पोरांचं, रविवारी पोहणं. तुमचं काय?"

"आमचं काय, नेहमीचंच." सुनंदा आतून खुणावत होती, पाहुणे यायचे होते, मला कोथिंबीर आणायला जायचं होतं. "तब्येत बरी ना?"

"बरी आहे. ताई?"

"बरी आहे."

"बरं."

"बरं," मी म्हणालो, आणि आपण काय म्हणालो ते माझ्या लक्षात आलं.

त्यांनी फोन बंद करायला घेतला. त्यांना ते लाल बटण कधी सापडत नाही. कपाळ जवळ आलं, मग एक डोळा, मग अंगठा. मग त्यांनी फोन बहुधा टेबलावर उताणा ठेवला, कारण मला नुसतं पांढरं छत दिसू लागलं. त्यांना वाटलं, बंद झाला. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग दार उघडलं, पोरांचा गलका, ओल्या बुटांचा आवाज, आणि मनीषाचा.

"बाबा, कुणाशी बोलत होता?"

"कुणाशी नाही. नाशिकचा फोन होता."

"काय म्हणत होते?"

"काही नाही. सगळं ठीक आहे."

पावलं आत गेली. गलकाही गेला. सुनंदा बाहेर येऊन म्हणाली, "अहो, कोथिंबीर," आणि माझ्या हातातल्या फोनकडे बघून तिथंच माझ्या शेजारी बसली. पडद्यावर छत होतं, आणि कुठंतरी लांब आप्पा एकदा खोकले. बटण माझ्याकडेही होतं. मी दाबलं नाही.